पाणथळ जागेतील नागरमोथा : लागण, राखण आणि लव्हाळ्यापासून सावधगिरी

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात कुरुंदा हे मोठे गाव आहे. या परिसरातील जमीन बहुतांशी काळी व भारी असून हळद, ऊस, कापूस, सोयाबीन ही येथील मुख्य पिके होत. जिल्ह्याचे पर्जन्यमान सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास आहे. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. त्यामुळे जेथे उतार थांबतो, ओढा वळण घेतो, किंवा बांधाच्या पायथ्याशी पाझर लागतो, तेथे दिवाळीनंतरही पुष्कळ दिवस ओल टिकून राहते. अशा जागी तिफण चालत नाही, पेरलेले बी कुजते व उभे पीक पिवळे पडते. दरवर्षी बियाणे वाया गेल्यावर शेतकरी तो तुकडा पडीक टाकतो. एकेका शेतात असा तुकडा दोन-चार गुंठ्यांचाच असतो, परंतु संपूर्ण शिवाराची बेरीज केल्यास हे क्षेत्र थोडेथोडके भरत नाही.

या पडीक ओलीच्या जागेत आपोआप उगवणारी एक वनस्पती सर्वांच्या परिचयाची आहे. तिची काडी तिधारी असते, पाने गवतासारखी असतात, शेंड्यावर छत्रीसारखा तुरा येतो आणि मुळाशी काळपट, सुवासिक गाठी असतात. ही वनस्पती मोथा वर्गातील होय. दिवाळीच्या उटण्यात पडणारा व वैद्यांच्या काढ्यात लागणारा नागरमोथा याच वर्गातून मिळतो. याच वर्गातील लव्हाळा मात्र हळदीच्या व उसाच्या शेतकऱ्याचा जुना वैरी आहे. एकाच कुळातील एका वनस्पतीची लागण करावी आणि दुसरीला शेतात पाऊल ठेवू देऊ नये, असा हा नाजूक प्रश्न आहे. म्हणून नागरमोथ्याची लागण कशी करावी हे सांगण्याआधी ती कोठे करू नये हे सांगणे अधिक अगत्याचे आहे.

एकाच नावाच्या दोन वनस्पती

बाजारात नागरमोथा या नावाने प्रामुख्याने दोन वनस्पतींच्या गाठी विकल्या जातात. शास्त्रीय भाषेत पहिलीस सायपेरस रोटुंडस व दुसरीस सायपेरस स्कॅरिओसस असे म्हणतात. पहिली म्हणजेच आपला नेहमीचा लव्हाळा. आयुर्वेदात मुस्ता म्हणून तिचा उपयोग सांगितला आहे, आणि तापात दिल्या जाणाऱ्या षडंगपानीयातील सहा द्रव्यांपैकी ती एक आहे. दुसरी जात सुगंधी तेलासाठी विशेष प्रसिद्ध असून तिचे तेल अत्तर व धूप यांच्या व्यवसायात वापरतात.

लव्हाळ्याची झुडपे बहुधा गुडघ्याच्या खालीच राहतात. त्याची पाने गर्द हिरवी असून तुऱ्यावर तांबूस-जांभळट झाक असते. जमिनीत बारीक दोऱ्यांनी एकमेकींस जोडलेल्या गाठींची माळ आढळते. एक झुडूप उपटले तर वरची गाठ हाती येते, दोरा तुटतो आणि खालच्या गाठी जमिनीतच राहतात. सुगंधी जातीच्या काड्या त्याहून सडपातळ व उंच असतात, पाने काडीच्या मानाने पुष्कळदा आखूड असतात आणि तुरा फिकट दिसतो. ती कोरड्या रानापेक्षा ओलीच्या जागी रमते.

केवळ वासावरून जात ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण वास दोहोंनाही असतो. तुऱ्यासह व मुळासह उपटलेली दोन-तीन झुडपे कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात अथवा परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दाखवून खात्री करून घ्यावी. ही खात्री होईपर्यंत लागणीचा विचारही करू नये.

लव्हाळ्याचे भय कशासाठी

1977 साली प्रसिद्ध झालेल्या जगातील तणांविषयीच्या एका मान्यवर ग्रंथात लव्हाळ्यास सर्वात त्रासदायक तणाचा मान दिला गेला. 90 हून अधिक देशांत त्याचा उपद्रव नोंदला गेला आहे. याचे कारण त्याच्या वाढीच्या रीतीत आहे. लव्हाळा मुख्यतः बियांनी पसरत नाही, तो गाठींनी पसरतो. एका गाठीतून कोंब वर आला की काही आठवड्यांतच जमिनीखाली नव्या गाठी धरू लागतात. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात असतात, परंतु काही त्याहून खोल जातात आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. खुरपणीने वरचा पाला जातो, गाठी मात्र तशाच राहतात. निष्काळजीपणे चालविलेला वखर त्या गाठी तोडून शेतभर पसरवितो.

हळदीचे पीक याला विशेष बळी पडते. हळदीची लागण मे-जून महिन्यांत होते. पाने मोठी होऊन सावली धरेपर्यंत दोन-अडीच महिने जातात, आणि याच काळात ओल, खत व ऊन या तिन्ही गोष्टी लव्हाळ्यास आयत्या मिळतात. पुढे हळद काढताना कंदांच्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठीही बेण्यात मिसळतात आणि त्या बेण्याबरोबर दुसऱ्या शेतात, कधी दुसऱ्या गावातही पोहोचतात.

गाठी शेतात येण्याचे आणखी तीन मार्ग ध्यानात ठेवावेत. पहिला मार्ग अर्धवट कुजलेल्या शेणखताचा. दुसरा मार्ग तलाव व ओढ्यांतील गाळाचा. 2017 पासून राज्यात धरणे व तलाव यांतील गाळ काढून शेतात पसरविण्याची योजना राबविली गेली. गाळ जमिनीस हितकारक आहे यात शंका नाही, परंतु तलावाच्या काठचा वरचा थर गाठींनी भरलेला असू शकतो. असा थर बाजूस काढून खालचा गाळच शेतात न्यावा. तिसरा मार्ग पुराचा. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीमुळे पूर येऊन कुरुंदा गावात पाणी शिरले होते. अशा पुरात काठची माती वाहते आणि मातीबरोबर गाठीही वाहतात. वरच्या शेतकऱ्याने ओढ्याच्या तोंडाशी लावलेला मोथा खालच्या शेतकऱ्याच्या हळदीत उगवला, तर नुकसान एकाचे आणि करणी दुसऱ्याची असे होईल.

लागण कोठे करावी, कोठे करू नये

जमीन ओली दिसली की तेथे मोथा लावावा, असा सरधोपट नियम करू नये. ओल कशामुळे आहे ते प्रथम शोधावे. चर बुजला असेल, बांधाची मोरी तुंबली असेल किंवा वरच्या शेतात पाणी प्रमाणाबाहेर दिले जात असेल, तर तो दोष दूर करावा. जी जमीन एक चर खोदल्याने हळदीखाली किंवा गव्हाखाली येऊ शकते ती मोथ्याखाली अडकविणे हे नुकसानीचे आहे. पृष्ठभागावर पांढरी खारी फुटत असल्यास माती तपासून घ्यावी. मोथा लावल्याने खारट किंवा चिबड जमीन सुधारत नाही.

निचरा करूनही जी जागा स्वभावतःच ओली राहते तीच या लागणीस योग्य होय. शेततळ्याचा उथळ काठ, विहिरीच्या पाण्याचा जुना पाझर, शेताच्या अगदी खालच्या कोपऱ्यातील खोलगट तुकडा ही अशा जागांची उदाहरणे आहेत. जागेवर दिवसातून किमान सहा तास ऊन पडले पाहिजे. मोथा वर्गातील या वनस्पती उन्हाच्या भुकेल्या असतात. बाभळीच्या किंवा उंच उसाच्या दाट सावलीत त्या खुरटतात व गाठी धरत नाहीत. दोन-तीन इंच पाणी काही दिवस साचले तरी चालते, परंतु फूटभर पाणी कायम राहणाऱ्या जागी पाणकणसाचे राज्य होते, मोथा तेथे मागे पडतो.

पुढील जागी लागण मुळीच करू नये :

1. हळद, ऊस, कापूस, भाजीपाला यांच्या शेतात, त्यांच्या धुऱ्यावर किंवा त्यांच्या वरच्या अंगास.

2. कालव्यात, चारीत व पाटात. पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात चाऱ्यांतील तणामुळे शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचण्यास अडथळा येतो. त्यात आपल्या हाताने भर घालू नये.

3. पुराचे जोराचे पाणी जेथून वाहते त्या ओढ्याच्या पात्रात.

4. गावच्या सांडपाण्याच्या नालीत, जर गाठी विकावयाच्या असतील तर. या वर्गातील वनस्पती पाण्यातील जड धातू मुळांत साठवू शकतात. सांडपाणी गाळण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, परंतु अशा गाठी औषधास किंवा उटण्यास वापरणे घातक आहे.

सरकारी ओढा, गायरान किंवा तलावाचा काठ असल्यास संबंधित खात्याची व ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. रानातील नागरमोथा काढण्यापूर्वी तिच्याशी विचारविनिमय करावा.

कुंपणाचा चर

जागा निश्चित झाल्यावर लागणीपूर्वीच तिच्याभोवती कुंपणाचा चर खणावा. हा चर दीड फूट खोल व एक फूट रुंद असावा आणि तो वर्षभर मोकळा ठेवावा. त्यात गवत व माती साचू दिल्यास त्याचा उपयोग संपतो. मोथ्याच्या आडव्या मुळ्या चराच्या भिंतीतून बाहेर डोकावल्या की विळ्याने छाटून टाकाव्यात. पावसाळ्यात दर आठवड्यास आणि इतर दिवसांत महिन्यातून दोनदा चराची पाहणी करावी.

चराच्या बाहेरील बाजूस वाळ्याची दाट ओळ लावल्यास दुहेरी लाभ होतो. वाळ्याची मुळे खोल व सरळ जातात, ती काठ धरून ठेवतात आणि पावसात चर ढासळू देत नाहीत. वाळा स्वतः आडव्या मुळ्यांनी पसरत नसल्याने त्याचे भय नाही. केवळ वाळ्याच्या ओळीवर मात्र विसंबून राहू नये, चर हवाच.

मशागत व लागण

पहिल्या वर्षी एक गुंठ्यापेक्षा अधिक क्षेत्र घेऊ नये. जागा कोरडी असताना, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, कुदळीने अर्धा ते पाऊण फूट खोल खणून घ्यावी. त्यात आधीचा लव्हाळा असेल तर त्याच्या गाठी वेचून उन्हात खडखडीत वाळवाव्यात व नंतर जाळून टाकाव्यात. पूर्ण कुजलेले शेणखत दहा-बारा टोपली मिसळून जागा सपाट करावी. पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने सावकाश निघून जाईल असा किंचित उतार ठेवावा.

बेण्यासाठी खात्री केलेल्या जातीचे निरोगी ठोंब घ्यावेत. प्रत्येक तुकड्यास एक-दोन कोंब व थोड्या मुळ्या असाव्यात. वरचा पाला चार बोटे ठेवून कापावा, म्हणजे उन्हाने सुकण्याची भीती कमी होते. काढलेले बेणे ओल्या गोणपाटात ठेवून शक्य तो त्याच दिवशी लावावे.

मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाल्यावर लागण करावी. दोन ओळींत एक फूट व दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा. या अंतराने गुंठ्यास सुमारे 1,100 तुकडे लागतात. तुकडे दोन इंच खोल लावून माती दाबावी. पावसाने ओढ दिल्यास एक महिनाभर ओल मोडू देऊ नये. पहिले दोन महिने इतर तण काढावे, पुढे मोथाच जागा व्यापून टाकतो. रासायनिक खताची बहुधा गरज पडत नाही, कारण शेतातून वाहून आलेले अन्नद्रव्य अशा खोलगट जागी आधीच साठलेले असते.

रानडुकराची राखण मात्र करावी लागते. या गाठी रानडुकरास अतिशय प्रिय आहेत. कालिदासाच्या शाकुंतलातही डबक्यात मुस्ता उकरणाऱ्या वराहांचा उल्लेख आहे. रानडुकराने उकरलेल्या गाठी आजूबाजूच्या शेतात पसरण्याचा धोका असल्याने, जेथे त्याचा उपद्रव आहे तेथे पक्के कुंपण शक्य नसल्यास ही लागण न केलेली बरी.

काढणी, वाळवण व विक्री

थंडी सरत आली की पाला पिवळा पडू लागतो. जानेवारीअखेर ते मार्च हा काढणीचा काळ होय. सर्व जागा एकाच वेळी खणू नये. अर्धी जागा पट्ट्यापट्ट्यांनी खणावी व अर्धी पुढील वर्षासाठी ठेवावी. म्हणजे काठ उघडा पडत नाही आणि पहिल्या पावसात माती वाहून जात नाही. खणलेल्या पट्ट्यात राहिलेल्या बारीक गाठींतूनच नवी फूट येते. जेथे फूट विरळ दिसेल तेथे जूनमध्ये नांगे भरावेत.

गाठी चराच्या आतच झटकून माती काढावी. माती चिकटलेले टोपले, कुदळ किंवा पादत्राणे तशीच शेतात नेऊ नयेत. गाठी वाहत्या ओढ्यात धुऊ नयेत. घमेल्यात धुवाव्यात व ते पाणी मोथ्याच्या जागेतच ओतावे. नंतर ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवाव्यात. प्रथम दोन दिवस ऊन द्यावे व पुढे हवेशीर सावलीत ठेवावे, म्हणजे सुवास अधिक टिकतो. मोडताना कट् असा आवाज आला म्हणजे गाठ वाळली असे समजावे. वरचे केसाळ तंतू काढण्यासाठी काही ठिकाणी गाठी जाळावर धरतात, परंतु त्याने वास उणावतो. वाळलेल्या गाठी गोणपाटात घालून चोळल्यास तंतू सहज निघतात. माल कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावा. बुरशी आलेला माल विकू नये.

विक्रीची चौकशी लागणीच्या आधी करावी, काढणीनंतर नव्हे. हळदीस वसमत व हिंगोली येथे मोठा बाजार आहे, तसा नागरमोथ्यास गावाजवळ बाजार नाही. उटणे तयार करणारे महिला बचतगट, काष्ठौषधींचे व्यापारी व औषधनिर्माते यांच्याशी बोलून त्यांना कोणती जात, किती माल व कसा वाळविलेला हवा ते विचारून घ्यावे. पहिल्या वर्षी एका गुंठ्यातील ओल्या गाठींचे वजन, वाळल्यानंतरचे वजन, लागलेली मजुरी आणि हाती आलेली रक्कम या चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. क्षेत्र वाढवावे की नाही याचा निर्णय त्या वहीवरून करावा, ऐकीव भावावरून करू नये. मोठ्या नफ्याचे आमिष दाखवून बेणे खपविणाऱ्यांपासून दूर राहावे.

नको असल्यास काढून कसे टाकावे

लागण करणाऱ्यास ती मोडण्याची रीतही ठाऊक असली पाहिजे. एप्रिल व मे महिन्यांत जागा कोरडी करून खोल खणावी आणि ढेकळे उलटून कडक उन्हात तापू द्यावीत. गाठ पूर्ण सुकली की मरते, ओलसर ढेकळात राहिली तर जगते. म्हणून पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा जागा उलटावी व दर वेळी गाठी वेचून जाळाव्यात. त्या उकिरड्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. पावसाळ्यात त्या जागी ताग किंवा ढैंचा दाट पेरावा. त्याच्या सावलीत उरलेली फूट दुबळी होते. एका हंगामात काम संपेल अशी अपेक्षा करू नये, दोन-तीन वर्षे लक्ष ठेवावे. हळदीच्या शेतात शिरलेल्या लव्हाळ्यासही उन्हाळ्यातील हाच उपाय लागू पडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी नागरमोथ्याचा प्रचार सरसकट करू नये. प्रथम शेतकऱ्यासह त्याच्या पाणथळ तुकड्यावर जावे व पुढील पाच प्रश्न विचारावेत. ही ओल चर काढून जाण्यासारखी आहे काय? जातीची खात्री झाली आहे काय? पाणी येथून कोणाच्या शेतात जाते? चराची पाहणी वर्षभर कोण करील? माल कोण घेणार? यांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर लागण न करण्याचा सल्ला निःसंकोच द्यावा. खालच्या शेतकऱ्यास बोलावून त्याच्या समक्ष जागा ठरविणे उत्तम, कारण पुढे तंटा होण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

पुरात मोठाले वृक्ष उन्मळून पडतात आणि लव्हाळा वाकून टिकतो, हा दाखला संतांनी नम्रतेसाठी दिला. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक बोध आहे. जी वनस्पती पुरातही मरत नाही, ती आपण लावल्यावर सहजासहजी जाणार नाही. तिच्या या चिवटपणाचा उपयोग ओलीच्या पडीक तुकड्यास झाकण्यासाठी व चार पैसे मिळविण्यासाठी अवश्य करावा. मात्र चराच्या आतला मोथा आतच राहील आणि शेजाऱ्याची हळद निर्वेध राहील, याची जबाबदारी लावणाऱ्याने पहिल्या दिवसापासून आपल्या शिरावर घ्यावी.